व्यत्यय म्हणजे अडथळा नव्हे

'कामात व्यत्यय आला' असं आपण दिवसातून एकदा तरी म्हणतो. कुकर लावायचा आणि दारात कुणीतरी उभं राहायचं, सामायिकाला बसायचं आणि फोन वाजायचा, की झाला व्यत्यय! आजच्या मराठीत या शब्दाचा अर्थ एवढाच उरलाय: खोळंबा, अडथळा. पण मुळात हा शब्द अडथळ्याचा नाही. 'वि', 'अति' आणि 'इ' म्हणजे जाणे, असे त्याचे तीन तुकडे. एकमेकांना ओलांडून जाणं, तुझ्या जागी मी आणि माझ्या जागी तू, असा त्याचा जुना अर्थ. व्याकरण लिहिणाऱ्या मंडळींनी दोन हजार वर्षांपूर्वी तो एका मजेशीर गोष्टीसाठी वापरला. बोलताना शब्दातली दोन अक्षरं आपापली जागा बदलतात, त्याला ते 'वर्णव्यत्यय' म्हणाले.

ही जागाबदल आपल्या घरात रोज चाललेली असते. 'नुकसान' या शब्दात आधी क आणि मग स. पण आपल्या निपाणी-चिकोडीकडं म्हातारी माणसं 'नुसकान' म्हणतात. मतलबचं 'मतबल' होतं. शाळेतल्या डेस्कला पोरं 'डेक्स' म्हणतात, रिस्क घ्यायची ती 'रिक्स' होते. आणि कोरोनाच्या दोन वर्षांत तर सगळा देश 'माक्स' लावून फिरला, मास्क लावणारे थोडेच! पाणी भरायची बादली घ्या. पोर्तुगीजांचा शब्द 'बाल्दे'. त्याची आधी 'बालदी' झाली, मग ल आणि द यांनी जागा बदलल्या आणि 'बादली' झाली. आज 'बालदी' म्हणणारी बाई जुन्या वळणाची वाटते आणि 'बादली' शुद्ध वाटते. म्हणजे एका पिढीची चूक पुढच्या पिढीचं शुद्ध मराठी होतं, ते असं.

यात हसण्यासारखं काही नाही, पण हसतात. निपाणीजवळच्या खेड्यातली एक मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. दूध उतू गेलं तेव्हा ती सहज म्हणाली, "नुसकान झालं की ओ!" घरात सगळे हसले. नंतर ती 'मी येतो' म्हणाली तेव्हा पुन्हा हसले, कारण आपल्याकडं बाईसुद्धा 'मी येतो' म्हणते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुणी वाईट मनानं हसलं नसेल. पण त्यानंतर ती चारचौघांत बोलायचीच कमी झाली. माहेरी आली की तिचं बोलणं पुन्हा मोकळं व्हायचं आणि बसमध्ये बसली की पुन्हा आखडायचं. अशा मुली आपल्यात एक-दोन नाहीत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेलं, आणि तेव्हापासून आपल्या बोलीला दोन्हीकडून बोलणी बसतात. तिकडं म्हणतात, तुमचं मराठी कानडी वळणाचं. इकडं म्हणतात, तुमचं कन्नड मराठी वळणाचं. म्हणून या उलटसुलट अक्षरांचा इतिहास आपण बायकांनी नीट समजून घ्यायला हवा. तो इतिहास आपल्या बाजूचा आहे, आणि त्यातलं एक मोठं पान जैन आचार्यांनी लिहिलेलं आहे.

सुरुवात यास्कांपासून करू. वेदातल्या शब्दांची फोड करणारा 'निरुक्त' हा त्यांचा ग्रंथ. शब्द बनताना पुढचं अक्षर मागं आणि मागचं पुढं जातं, हे त्यांनी नोंदवलं आणि त्याला 'विपर्यय' म्हटलं. विपर्यय म्हणजे फिरून उलटं होणं. मग इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलींनी 'महाभाष्या'त 'वर्णव्यत्यय' हा शब्द वापरला. त्यांचं उदाहरण लहान मुलालाही कळेल: 'हिंस्' म्हणजे मारणे, त्यातला ह आणि स उलटले की 'सिंह'. सिंहाचा हा जन्म आजचे अभ्यासक मान्य करतीलच असं नाही, पण अक्षरं जागा बदलतात याची जाण किती जुनी आहे, ते यावरून दिसतं. पुढं प्राकृताचं व्याकरण लिहिणारे वररुची याच गोष्टीला 'स्थितिपरिवृत्ती' म्हणाले. जागांची अदलाबदल, बास. नंतर मराठी व्याकरणात 'वर्णविपर्यय' आणि 'वर्णव्यत्यास' असे दोन शब्द चालले. व्यत्यासात 'अस्' म्हणजे फेकणे आहे. इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं फेकलेलं.

इंग्रजांची गंमत वेगळी. त्यांच्याकडं यातल्या एका प्रकाराला माणसाचंच नाव पडलं. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजमध्ये विल्यम आर्चिबाल्ड स्पूनर (१८४४–१९३०) नावाचे धर्मगुरू शिकवत. १९०३ ते १९२४ ते कॉलेजचे प्रमुख होते. बोलताना त्यांच्या दोन शब्दांची पहिली अक्षरं एकमेकांत बदलायची, अशी त्यांची ख्याती. म्हणजे 'पोळी-भाजी' म्हणायला जावं आणि 'भोळी-पाजी' निघावं, तसं. विद्यार्थ्यांनी या प्रकाराला 'स्पूनरिझम' म्हणायला सुरुवात केली आणि त्यांच्या नावावर स्वतःच रचलेले कितीतरी विनोद खपवले. स्वतः स्पूनर विद्वान आणि लोकांना हवेहवेसे वाटणारे गृहस्थ. ही प्रसिद्धी त्यांना मुळीच आवडत नसे. पण आज त्यांची विद्वत्ता कुणाला आठवत नाही, जिभेची ठेच तेवढी शब्दकोशात राहिली. चारचौघांच्या हसण्यातून आलेला शब्द तो असा.

आता आपल्याकडचं पान उघडू. गुजरातेत धंधुका गावी १०८८ साली एक मुलगा जन्मला. आईचं नाव पाहिनी. परंपरा सांगते की मुलगा लहान असतानाच तिनं तो धर्मासाठी दिला. पुढं तोच आचार्य हेमचंद्र झाला. ते श्वेतांबर परंपरेचे, आपल्याकडचे बहुतेक लोक दिगंबर. पण विद्येच्या दारात ही विचारपूस कशाला? राजा सिद्धराज जयसिंहाच्या सांगण्यावरून त्यांनी व्याकरण लिहिलं. राजाचं सिद्ध आणि स्वतःचं हेम मिळून त्याचं नाव 'सिद्धहेम'. त्याचे आठ अध्याय. सात संस्कृताचे, आणि आठवा अख्खा प्राकृताचा. याच आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात ११६ ते १२४ अशी सलग नऊ छोटी सूत्रं आहेत, आणि त्या सगळ्यांचा विषय एकच: व्यत्यय.

ही नऊ सूत्रं वाचताना आपण आपल्याच ओळखीच्या गावांतून चाललो आहोत असं वाटतं.

पहिल्याच सूत्रात करेणू आणि वाराणसी. करेणू म्हणजे हत्तीण. प्राकृतात तिची 'कणेरू' होते. आणि वाराणसीतले र आणि ण उलटून 'वाणारसी' होते. आपल्या पार्श्वनाथ भगवंतांची जन्मभूमी ती. या वाणारसीतूनच पुढं बनारस आलं. म्हणजे 'बनारसी शालू' म्हणताना आपण दरवेळी एक व्यत्यय अंगावर घेतो! सतराव्या शतकातले जैन कवी बनारसीदास यांचं आधीचं नाव विक्रमाजीत. आईवडील त्यांना लहानपणी पार्श्वनाथांच्या जन्मस्थानी दर्शनाला घेऊन गेले आणि तिथं त्यांचं नाव बदललं, असं त्यांनीच आपल्या 'अर्धकथानक' या आत्मचरित्रात सांगितलंय. उलटलेल्या अक्षरांचं नाव देताना ना आईबापांना काही वावगं वाटलं, ना भगवंतांना.

पुढं अचलपूर. मुक्तागिरीच्या यात्रेला गेलेल्या बायकांना हे विदर्भातलं गाव आठवेल, तिथूनच पुढं डोंगराकडं जातात. निर्वाणकांडात मुक्तागिरीचा पत्ता सांगताना याच गावाचं नाव येतं, तेही न उलटता. हेमचंद्र मात्र सांगतात की लोकांच्या तोंडी त्यातले च आणि ल बदलून 'अलचपुर' होतं. हेच 'अलचपुर' पुढं कागदोपत्री एलिचपूर झालं. तिकडचे लोक सांगतात की एल नावाच्या जैन राजानं वसवलं म्हणून एलिचपूर. राजाची गोष्ट गोड आहे, ती सांगत राहावी. पण नाव कसं बदललं ते साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वी एका आचार्यांनी एका ओळीत लिहून ठेवलंय.

मग घरगुती शब्द. संस्कृत 'लघुक', म्हणजे लहान, हलका. ल आणि ह उलटून 'हलुअ'. आपलं 'हळू' आणि 'हलकं' याच घरातलं. 'ललाट' म्हणजे कपाळ, त्याचं 'णडाल'. त्यातूनच मराठीचं 'निढळ' आलं. निढळाच्या घामाची भाकरी खाल्ली असं म्हणतो ना, तेच कपाळ. 'ह्रद' म्हणजे खोल पाणी, त्याचं 'द्रह', आणि त्याचा आपला 'डोह'. दूधगंगेच्या डोहात पोहणाऱ्या पोरांना कुठं ठाऊक असतं की ते एका उलटलेल्या शब्दात उड्या मारतायत! आणि यातल्या काही शब्दांना हेमचंद्रांनी विकल्प ठेवलाय. हलुअ म्हणा किंवा लहुअ म्हणा, णडाल म्हणा किंवा णलाड म्हणा, दोन्ही चालतं. संस्कृत मूळ धरूनच ते नियम सांगतात, पण लोक जे बोलतात त्याला अशुद्ध म्हणून टाकत नाहीत. ते ऐकतात, मोजतात आणि नियमात बसवतात.

या नऊ सूत्रांमधलं एकशे एकोणिसावं सूत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं. ते आहे 'महाराष्ट्र' या शब्दाचं. त्यातल्या ह आणि र यांचा व्यत्यय होतो, एवढंच ते सांगतं. महाराष्ट्राचं महरट्ठ व्हायला हवं होतं, पण लोकांच्या जिभेवर ते 'मरहट्ठ' झालं. मरहट्ठवरून मऱ्हाटा, मऱ्हाटी, आणि ह विरून गेल्यावर मराठा आणि मराठी. म्हणजे ज्या भाषेच्या शुद्धतेवरून आपल्या मुलींना हसतात, तिचं नावच उलटलेल्या अक्षरांचं आहे! 'नुसकान' चूक असेल तर 'मराठी'सुद्धा चूकच म्हणावी लागेल. दोघींची वाट एकच. एकीला दरबार मिळाला, दुसरीला नाही मिळाला, एवढाच फरक.

याचा एक पुरावा बेळगावातच आहे. १९२२ सालापासून बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. इंग्रजांच्या काळात या पलटणीचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिताना ह आधी आणि र नंतर लिहीत: महराट्टा. टिळकांनी १८८१ साली काढलेल्या इंग्रजी पत्राचं नावही तसंच लिहिलेलं. आपल्या लोकांनी हजार वर्षांपूर्वी जी अक्षरं उलटी केली, ती इंग्रजांच्या लिखाणात पुन्हा सुलटी झाली. पण त्यानं बेळगावात कुणी 'महराटा' म्हणायला लागलं का? नाही. लिहिणारे काही लिहोत, बोलणारे आपल्या वाटेनं जातात.

आपल्या पंचक्रोशीतला एक मोठा माणूस या सगळ्याशी जोडलेला आहे. चिकोडी-निपाणी भागातल्या सदलग्याला १९०६ साली जन्मलेले डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं अर्धमागधी शिकवली आणि प्राकृत ग्रंथांच्या जुन्या पोथ्या जुळवून त्यांच्या शुद्ध प्रती छापल्या. त्यांनी संपादित केलेला एक ग्रंथ म्हणजे उद्योतनसूरींची 'कुवलयमाला', इसवी सन ७७९ ची. राजस्थानात जालोरला लिहिलेल्या या प्राकृत कथेत बाजारात जमलेले निरनिराळ्या प्रांतांचे व्यापारी येतात, प्रत्येकाच्या बोलण्याची लकब येते, आणि त्यांत मराठी व्यापारीही आहेत. लेखक त्यांना 'मरहट्ठ' म्हणतो. म्हणजे हेमचंद्रांनी नियम लिहिण्याच्या तीनशे वर्षं आधीच ह आणि र जागा बदलून बसले होते. नियम नंतर आला, बोलणं आधी. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांच्या मातीतल्या या माणसाला १९६७ साली श्रवणबेळगोळच्या कन्नड साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. सीमाभागातल्या जैन घराला दोन भाषा सांभाळणं ओझं वाटत नाही, याचा याहून चांगला दाखला कोणता?

दोन भाषांवरून आठवलं. अक्षरांच्या अदलाबदलीला कन्नडमध्ये 'वर्णपल्लट' म्हणतात. पल्लट आणि आपलं पालट, उलटपालट, ही एकाच प्राकृत शब्दाची लेकरं: 'पल्लट्ट'. तोही हेमचंद्रांच्या व्याकरणात आहे. म्हणजे गोष्टीला नाव द्यायला दोन्ही भाषा एकाच प्राकृत आजीकडं गेल्या. आणि लिहिण्यात फरक कसा पडलाय तेही बघा. तीर्थंकरांच्या मूर्तीखाली कोरलेलं असतं त्याला आपण 'चिन्ह' लिहितो, न आधी, ह नंतर. मूळ संस्कृतात ह आधी आहे, आणि कन्नडमध्ये आजही 'चिह्ने' असं ह आधी लिहितात. आपण 'प्रल्हाद' लिहितो, ते 'प्रह्लाद'.  आल्हाद, जिव्हा हे सगळे तसेच. मराठीनं बोलण्याप्रमाणं लिहिणं बदललं, कन्नडनं लिहिणं जुनं ठेवलं. यात एक बरोबर आणि दुसरं चूक असं काही नाही.

मात्र प्रत्येक बदल म्हणजे व्यत्यय नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवं. निपाणीजवळच्या आपल्या स्तवनिधी क्षेत्राचं लोकांच्या तोंडी 'तवंदी' झालं. तिथं अक्षरं उलटली नाहीत, गळून पडली. अर्हत्‌चं 'अरिहंत' झालं, तिथं मध्ये एक स्वर घुसला. वेणुग्रामाचं वेळुग्राम आणि मग बेळगाव झालं, तिथं एका ध्वनीच्या जागी दुसरा आला. गळणं, घुसणं, बदलणं आणि उलटणं, या चार वाटांनी शब्द चालतो. त्यातली उलटण्याची वाट सगळ्यांत गमतीची, कारण तिच्यात काही हरवत नाही. सगळी अक्षरं घरातच राहतात, फक्त पाटावरच्या जागा बदलतात.

अक्षरं जागा का बदलतात? र, ल, न, ण, ह हे ध्वनी एकमेकांजवळचे आणि निसरडे. जिभेला एक क्रम अवघड गेला की ती सोपा क्रम शोधते. ह तर नुसता श्वास, तो कुठंही सरकतो. एका माणसाची जीभ एकदा घसरली तर ती स्पूनरसाहेबांची गोष्ट, पण हजारो जिभा पिढ्यानपिढ्या एकाच ठिकाणी वळल्या तर तो रस्ता होतो. आणि मुली तर हा रस्ता मुद्दाम खेळायला वापरतात. 'च'ची भाषा आठवते ना? पहिलं अक्षर शेवटी टाकायचं आणि पुढं च लावायचा. 'मला'चं 'चलाम', 'तुला'चं 'चलातु'. मोठ्या माणसांना कळू नये म्हणून अंगणात बसून ती बोलणाऱ्या सगळ्या मुली व्यत्ययात पारंगतच म्हणायच्या.

प्राकृत ही आपली परकी भाषा नाही. सकाळी उठल्यावर आपण जो णमोकार म्हणतो तो प्राकृतातच आहे. आणखी एक गोष्ट. जुन्या संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो, राणी प्राकृत. कालिदासाचा दुष्यंत संस्कृतात बोलतो, शकुंतला प्राकृतात. बायकांनी आणि सामान्य माणसांनी बोलायची ती भाषा, म्हणून तिला दुय्यम जागा. पण त्याच प्राकृतांमध्ये महाराष्ट्राच्या प्राकृताला दंडीनं सगळ्यांत श्रेष्ठ म्हटलं. आणि जैन आचार्यांनी त्या बोलीला नुसती जागा दिली नाही, तिचं व्याकरणही लिहिलं. एरवी ज्या बोलण्याला लोक 'बायकी' म्हणून सोडून देतात, त्यातला एकेक शब्द त्यांनी टिपून ठेवला.

तेव्हा बायांनो, आता आपणही थोडं टिपून ठेवू या. घरात ऐंशीच्या पुढची आज्जी असेल, अव्वा असेल, तिच्या तोंडून 'नुसकान', 'मतबल' असं काही आलं तर नातवंडांना तिला दुरुस्त करू देऊ नका. एक वही करा. शब्द लिहा, कुठल्या गावाकडचा ते लिहा, ती तो कधी वापरते ते लिहा. कन्नड आणि मराठी दोन्ही लिहा. पर्युषणाच्या दहा दिवसांत बस्तीत आपण जमतोच, तेव्हा या वह्या एकमेकींना वाचून दाखवता येतील. आणि सासरी गेलेली एखादी मुलगी बोलायला संकोचत असेल, तर तिला एकदा 'मरहट्ठ'ची गोष्ट सांगा.